कच्च्या पानावरची मराठी

सातारा जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. वह्या तपासताना मुलांच्या इंग्रजी वाक्याखालची मराठी मला आता सरळ दिसते. 'ही सेड दॅट आय अ‍ॅम नॉट कमिंग' असं वाचलं की परक्या वाचकाला वाटेल, लिहिणाराच येणार नाही. मुलाला म्हणायचं असतं, 'तो म्हणाला की मी येत नाही.' मराठीत 'की'नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. इंग्रजीत 'दॅट' आला की 'मी'चा 'तो' करावा लागतो. 'द फॅन इज ऑन माय हेड' लिहिणारी मुलगीसुद्धा नियमानेच चाललेली असते. टेबलावरचं पुस्तक काय आणि डोक्यावरचा पंखा काय, आपला एक 'वर' दोन्हीकडे पुरतो.

पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली लिहिलेल्या लेखात म्हटलं होतं की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे तो भाषा कशी शिकतो आहे याचा पुरावा. इतकी वर्षं लोटली, तरी पुष्कळ ठिकाणी या चुकांवर एकच उपाय सांगितला जातो: वर्गात मराठी बंद, इंग्रजीतच विचार करा.

ज्याच्याजवळ शब्दच मोजके आहेत त्याने इंग्रजीत विचार करायचा म्हणजे काय करायचं? त्याच्या हाती गाइडातली वाक्यं तेवढी उरतात. पावसाळ्यावर निबंध दिला की वर्गातल्या निम्म्या वह्यांत एकच मोर नाचतो आणि एकच इंद्रधनुष्य उगवतं. असा एकही चूक नसलेला निबंध वाचून मला जास्त वाईट वाटतं, कारण त्यात मूल कुठेच नसतं.

एकदा मी मुलांना सांगितलं, आधी कच्च्या पानावर मराठीत टिपून घ्या, घरी पाऊस आला की काय होतं. एका अबोल मुलीने टिपलं: गोठ्यात पाणी, बाबा म्हैस सोडतात, पडवीत बांधतात, आई रात्रभर जागी. मग तिची इंग्रजी वाक्यं आली. 'वॉटर कम्स इन बफेलो हाऊस. फादर टाइज बफेलो इन पडवी. मदर नॉट स्लीप.' शेवटच्या वाक्यात 'डझ' घालायला मी तिला शिकवलं. पडवी तशीच राहू दिली. वर्षभरात तिने लिहिलेली ही पहिली खरी इंग्रजी वाक्यं होती.

हा केवळ माझा अनुभव नाही. हिरोए कोबायाशी आणि कॅरल रिनर्ट यांनी १९९२ मध्ये जपानी विद्यार्थ्यांचे दोन तऱ्हेचे निबंध तपासले: एक थेट इंग्रजीत लिहिलेला, दुसरा आधी जपानीत लिहून मग इंग्रजीत आणलेला. ज्यांचं इंग्रजी कच्चं होतं, त्यांचे जपानीतून आलेले निबंध आशयात आणि मांडणीत सरस ठरले. पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांना त्याचा फारसा फायदा झाला नाही. म्हणजे हा आधार सुरुवातीला हवा, आणि इंग्रजी वाढेल तशी त्याची गरज कमी होते.

मात्र पूर्ण मराठी वाक्यं लिहून ती उलटवायला मी देत नाही. 'घरी जाऊन, हातपाय धुऊन, जेवून झोपलो' हे मराठीत एका दमात येतं. शब्दाला शब्द लावत ते इंग्रजीत नेलं की मूल दुसऱ्या क्रियापदाशीच अडकतं. म्हणून कच्च्या पानावर फक्त टिपणं. काय सांगायचं ते मराठीत ठरवायचं, वाक्य मात्र इंग्रजीत नव्याने आणि आखूड बांधायचं.

माझ्यासारख्या मराठी शाळांतून इंग्रजी शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: निबंधाच्या तासाला पहिली दहा मिनिटं मराठीला द्या, आणि त्या कच्च्या पानावर लाल पेन लावू नका.