फोटो आपले, पोट बुवांचं

आमच्या सिडनीच्या फ्लॅटमध्ये एक दाढीवाले बुवा राहायला आलेत. वय ३ महिने, उंची विचारू नका, लांबी शेपटीसकट वीतभर! बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, उष्ण अंतर्भागातला सरडा. इथे तो पाळायला सरकारी परवाना लागतो. तो काढला, काचेची पेटी आली, दिवे आले आणि घरात वाद पेटला. पेटीत खाली काय घालायचं?

नवऱ्याचं ठरलेलं. लाल वाळू! ‘‘वाळवंटातला प्राणी आहे, त्याला घरच्यासारखं नको वाटायला?’’ शिवाय फोटो काय सही येतील! मी म्हटलं, फोटो आपले, पोट त्याचं.

बुवांची जेवायची पद्धत बघा. रातकिडा दिसला की झेप, आणि चिकट जिभेनं उचलून गट्टम. खाली वाळू असेल तर घासाबरोबर तीही आत. पिल्लाचं आतडं ते केवढं! वाळू साचली की वाट बंद आणि जिवाशी खेळ. कॅल्शिअमची वाळू ‘पचते’ म्हणून विकतात, पण तिचेही पोटात गोळे होऊ शकतात. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा टोकदार, तर सिडार लाकडाच्या भुशातली तेलं उग्र. सगळ्यांवर फुली!

आणि रानातले ड्रॅगन तरी सदानकदा भुसभुशीत वाळूत कुठे लोळतात? टणक मातीवर, ओंडक्यावर, कुंपणाच्या खांबावर मस्त ऊन खात बसतात.

तेव्हा सध्या साधा किचन टॉवेल. घाण झाला की बदला, शी कशी झाली तेही लगेच दिसतं. थोडे मोठे झाले की खरबरीत फरशी : ऊब धरते, नखं झिजतात, ओल्या फडक्यानं पुसता येते. अंगानं भरलेला, ठणठणीत ड्रॅगन पुढे घट्ट दाबलेल्या माती-वाळूवरही राहू शकतो. पिल्लाच्या बाबतीत घाई कशाला?

मात्र जमीन सुरक्षित केली की झालं, असं नाही हं. ऊन खायची जागा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली हवी, यूव्हीबी दिवा हवा. अंग गार राहिलं तर अन्न नीट पचत नाही, मग खाली काहीही घाला.

नवऱ्याचं लाल वाळवंट? पेटीच्या मागच्या काचेला बाहेरून त्याचं पोस्टर चिकटवलंय. फोटो झक्कास येतात!