सन सांगणारी अक्षरं

उर्दूत तारीखगोई नावाची कला आहे. अबजदच्या हिशोबात अलिफचा 1, बेचे 2, जीमचे 3, असं प्रत्येक अक्षराचं मोल ठरलेलं असतं. शायर एखाद्याच्या निधनावर अशी ओळ रचतो, की अक्षरांची बेरीज केल्यावर हिजरी साल निघतं.

जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचं साल काढणंही असंच असतं. पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन फेंडर कंपनीच्या गिटार ॲम्प्लिफायरमध्ये एक तक्ता चिकटवलेला असे. त्यावरच्या शिक्क्यात दोन इंग्रजी अक्षरं असत. पहिलं वर्षाचं: ए म्हणजे 1951. दुसरं महिन्याचं: ए म्हणजे जानेवारी. ‘एफई’ म्हणजे मे 1956. झाली अबजद!

आपल्याकडच्या मशीनवर असा शिक्का सहसा नसतो. हिंगणघाटला आमच्या ओळखीच्या एका लाऊडस्पीकरवाल्या चाचांकडे अशीच एक मशीन आहे. मिलाद, लग्नं, गिरडचा उरूस, सगळीकडे फिरलेली. नागपूरच्या एका गिटार वाजवणाऱ्या मुलाला ती हवी आहे. तिच्यात ईएल-84 जातीचे दोन व्हॉल्व्ह आहेत. ब्रिटिश व्हॉक्स एसी-30 या नावाजलेल्या गिटार ॲम्प्लिफायरमध्ये असेच चार असतात. म्हणून किंमतही बरी येतेय.

चाचा म्हणतात, “अब्बांनी घेतली, सत्तेचाळीस साली.” त्यांचा मुलगा म्हणतो, व्हॉल्व्हवर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचं नाव आहे, तिथे हे व्हॉल्व्ह 1961 पासून बनू लागले. दादा तर 1958 लाच गेले. म्हणजे मशीन नंतरची, आपली स्वतःची. यात नुसतं साल नव्हतं. मशीन अब्बांची असेल, तर तिच्या पैशांत चाचांच्या दोन बहिणींचाही हिस्सा निघतो.

रेडिओ उघडण्याचा माझा जुना नाद सर्वांना ठाऊक, म्हणून मला बोलावलं. व्हॉल्व्ह बल्बसारखे बदलले जातात, त्यांच्या साक्षीवर विसंबता येत नाही. बैठका पाहिल्या: नऊ पिनांच्या, कारखान्यातच रिव्हेट मारलेल्या, वायरिंग न छेडलेलं. मशीन पहिल्यापासून ईएल-84 साठीच बांधलेली होती. हा व्हॉल्व्ह बाजारात आला 1953 ला. म्हणजे सत्तेचाळीस गेलं. मग मोठा कपॅसिटर पाहिला. त्याचं सोल्डर मूळचं, त्यावर छापलेलं साल 1956.

मशीन 1956 च्या आधीची नाही, एवढंच लोखंड सांगतं. कुठपर्यंतची, ते सांगत नाही. पण दादांच्या हयातीत ती येऊ शकत होती, आणि बंगळूरचे व्हॉल्व्ह नंतर बसवलेले असू शकतात. मुलाचा आक्षेप तिथे संपला. उरली चाचांची जबानी.

चाचा थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, “साल चुकलं असेल, सर. पण अब्बांनी ती बैलगाडीतून उतरवली, ते मी पाहिलंय.”

अबजदची ओळही साल सांगते, माणूस कसा होता ते सांगत नाही. त्यासाठी कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं, आणि तोटा होत असतानाही ते सांगावं लागतं. चाचांनी सांगितलं. सौदा अजून व्हायचा आहे, पण किंमत सांगायला पहिला फोन त्यांनी दोन्ही बहिणींना केला.