मालवणचा समुद्र कोणाचा?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब मालवणला जाऊन आलो. कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे एस.टी. मालवणला जाणारा प्रत्येक जण सिंधुदुर्ग किल्ला पाहतोच. १६६४ ते १६६७ या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधला. पण किल्ल्याभोवतीचे पाणीही राखीव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१३ एप्रिल १९८७ रोजी येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यातील तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग म्हणजे गाभा. पाण्याखाली प्रवाळ आहे आणि त्याच्या आडोशाला माशांची पिल्ले वाढतात. हे ऐकून आम्ही लगेच म्हणालो, "मग येथे मासेमारी बंदच करायला हवी!" शहरात बसून असे बोलणे सोपे असते.

संध्याकाळी किनाऱ्यावर रापण ओढणे चालू होते. होडीतून अर्धगोलाकार जाळे टाकायचे, दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे, अशी ही जुनी पद्धत. ओढणाऱ्यांतील एका वयस्कर काकांना आम्ही अभयारण्याबद्दल विचारले. ते म्हणाले, "दर्या मेलो तर पयले आमीच मरतलंव. पण आमका कोणी इचारूक नाय."

हे बोलणे डोक्यातून जाईना. घरी आल्यावर आम्ही कायदा काढून वाचला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सागरी अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपावे, ही तरतूद त्यात १९९१ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे मालवणची घोषणा आधी आणि मच्छीमारांची आठवण चार वर्षांनी!

समुद्र राखला पाहिजे, यात शंका नाही. पण तो ओरबाडतो कोण? हाताने ओढलेली रापण आणि यांत्रिक बोटीचे पर्ससीन जाळे एका मापाने मोजता येणार नाही. पर्ससीन अख्खा थवाच्या थवा वेढून उचलते. पारंपरिक मच्छीमारांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा २०१६ साली राज्य सरकारने त्यावर निर्बंध आणले. समुद्र वाचवा, अशी हाक तर याच माणसांनी दिली होती!

परतताना मुलीने विचारले, "बाबा, प्रवाळ पाहायला पर्यटकांच्या बोटी जातात, नांगर टाकतात. मग बंदी फक्त मासेवाल्यांनाच का?" आम्हाला उत्तर देता आले नाही, कारण त्या दिवशी सकाळी अशाच एका बोटीत आम्हीही बसलो होतो.

वाचकहो, मालवणला अवश्य जा. किल्ला पाहा, पण प्रवाळावर पाय देऊ नका. आणि संध्याकाळी थोडा वेळ रापणीजवळ उभे राहा. ज्यांचे पोट समुद्रावर आहे, त्यांना बाजूला सारून समुद्र वाचणार नाही. नियम करताना त्यांना पहिल्या रांगेत बसवले पाहिजे.