ग्रंथपालकाकांची दोनशेपानी वही

मुलांनो, ग्रंथालयात गेल्यावर पुस्तक कसं शोधता तुम्ही? कपाटापुढे उभं राहून, मान वाकडी करून, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता? की सरळ जाऊन विचारता, "काका, भुताचं पुस्तक आहे का हो?" बहुतेक दुसरंच! आणि काकाही न उठता सांगतात, "तिसरं कपाट, खालचा कप्पा. पण रात्री वाचू नकोस हं!"

आमच्या तालुक्याच्या गावी असेच एक ग्रंथपालकाका आहेत. वय पंचावन्नच्या पुढे. मी चौथीच्या वर्गाला शिकवते आणि दर शनिवारी शाळा सुटली, की त्यांच्याकडे पुस्तक बदलायला जाते. कुठलं पुस्तक कुठे आहे, कोणाकडे गेलंय, कोणाला काय आवडतं, सगळं काकांच्या डोक्यात. शिवाय दाखल नोंदवही होतीच. पुस्तक आलं की तिच्यात क्रमांक, नाव, लेखक, किंमत असं सारं लिहायचं. मग पाठीवर वर्गांकाची चिठ्ठी. अमेरिकेच्या मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ साली पुस्तकांची विषयवार अंकांत विभागणी केली, ती आजही चालते. मराठी साहित्याचा अंक ८९१.४६. बघा बरं तुमच्या ग्रंथालयातल्या एखाद्या कथासंग्रहावर सापडतो का!

आणि एक दिवस काकांच्या टेबलावर संगणक आला. एक तरुण मुलगा दोन दिवस येऊन भराभरा सगळं शिकवून गेला. आता नोंदी संगणकात करायच्या, वाचकांनी पुस्तक शोधायचं तेही पडद्यावर. घरबसल्या मोबाइलवरूनसुद्धा!

त्या शनिवारी काका गप्प होते. जरा वेळानं म्हणाले, "बाई, तीस वर्षं जे डोक्यात साठवलं, ते हे यंत्र गिळून टाकणार. मग माझं काम काय उरलं? राजीनामा द्यावा म्हणतोय."

मला चटकन उत्तर सुचेना. मोठ्या माणसांनाही शिकायची भीती वाटते, मुलांनो. तुम्हांला नाही का, नवा धडा आला की पोटात गोळा येतो? अगदी तस्साच.

काकांच्या संगणकावर जो कार्यक्रम बसवला होता, त्याचं नाव 'कोहा'. कुठला आहे माहीत आहे? न्यूझीलंडमधला! तिथे लेव्हिन नावाचं एक छोटं गाव आहे. १९९९ साली तिथल्या ग्रंथालयापुढे पेच पडला. जुन्या संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची पद्धत होती. ९९ नंतर ०० आले, की यंत्राला ते १९०० वाटायचं की २०००? त्यांचा जुना कार्यक्रम नव्या वर्षात चालणार नव्हता. मग त्यांनी नवाच करून घेतला, वेबवर चालणारा. २०००च्या जानेवारीत तो सुरू झाला. आणि पुढची गंमत ऐका. तो त्यांनी सगळ्या जगाला फुकट देऊन टाकला, आतली रचनाही उघडी ठेवून. कोणीही वापरा, कोणीही सुधारा! माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेटवस्तू. पाहुण्यांनी यजमानांसाठी न्यायची, आणि कधीतरी तिची परतफेडही व्हायची. आपल्या आहेरासारखंच की हे!

अहो, ज्या वेबवर तो चालतो, ती वेबही अशीच मिळालेली. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली स्वित्झर्लंडमधल्या 'सर्न' या संशोधन संस्थेत तिची कल्पना मांडली आणि १९९३ साली संस्थेनं ती सर्वांना विनामूल्य खुली केली.

हे मी काकांना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आहेर आलाय म्हणा घरात. तो तसाच कोपऱ्यात ठेवणं काही बरं नव्हे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशेपानी वही आणली आणि रोज ग्रंथालयात येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीला म्हणाले, "पोरी, मला शिकव." मी पाहिलीय ती वही. सुंदर वळणदार अक्षरात लिहिलंय, 'माउस हलक्या हाताने धरणे. दोनदा टकटक करणे, मध्ये थांबू नये. चुकल्यास घाबरू नये, मागे जाण्याचा बाण वर डावीकडे आहे.' ती मुलगी मोठी हुशार, बरं का! ती माउसला हातच लावायची नाही. काका कितीही अडले तरी म्हणायची, "तुम्हीच करा काका, मी बघतेय." दोन दिवसांत त्या तरुणाकडून जे झालं नव्हतं, ते त्या एका वाक्यानं झालं.

पुढे एक मोठी अडचण आली. पुस्तकांची एक यादी पूर्वीच कोणीतरी संगणकावर टाइप करून ठेवली होती. ती 'कोहा'त घातली, तर पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा! असं का झालं? पूर्वीच्या पुष्कळ मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असे. आपल्याला 'क' दिसला, तरी यंत्राच्या लेखी ते इंग्रजीच अक्षर. मग १९९१ साली युनिकोड आलं. त्यात जगातल्या निरनिराळ्या लिप्यांतल्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक मिळाला. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. आता 'क' कुठल्याही संगणकावर 'क'च!

म्हणजे आठ कपाटांतली पुस्तकं पुन्हा टाइप करायची. संध्याकाळी चार-पाच मुलं नोंदवही मोठ्यानं वाचायची आणि काका एका बोटानं टाइप करायचे. काही महिने हा उद्योग चालला.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाला साने गुरुजींचं 'श्यामची आई' हवं होतं. त्यानं पडद्यावर टाइप केलं, 'शामची आई'. यंत्र म्हणालं, असं पुस्तक नाही! मुलगा हिरमुसून निघालाही. काकांनी हाक मारली, "अरे, थांब थांब!" पुस्तक पहिल्या कपाटात होतं. चूक इतकीच, की 'श'ला 'य' जोडला नव्हता.

यंत्राला ते कळलं नाही, काकांना कळलं. आणि काकांच्या तेव्हाच ध्यानात आलं, आपलं काम काय उरलंय ते!

त्या आठवड्यात त्यांनी नोंदी पुन्हा उघडल्या. पुस्तकाच्या नोंदीत नावाचं दुसरं रूपही लिहायची सोय असते. तिथे त्यांनी, मुलं जसं चुकीचं लिहितात, तसंही लिहून ठेवलं. मग लेखकांची नावं घेतली. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही एकाच माणसाची दोन नावं, हे तुम्हांला ठाऊक आहे. यंत्राला मात्र ती दोन माणसं! काकांनी ती एकमेकांना जोडली. आता कोणी कसंही शोधलं, तरी पुस्तक हाती लागतं. यंत्रानं काकांचं डोकं गिळलं नाही. काकांनीच ते यंत्राला उसनं दिलं म्हणा ना!

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांनाही हे काम नव्यानं शिकावं लागलं. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे, आणि शेवटचा सांगतो, की ग्रंथालय वाढत राहणारं असतं. मला वाटतं, ग्रंथालय वाढायचं तर ग्रंथपालालाही वाढावं लागतं, मग वय काहीही असो.

राजीनाम्याचं नाव आता काका काढत नाहीत. दर रविवारी शेजारच्या गावचे ग्रंथपाल त्यांच्याकडे शिकायला येतात. काका माउसला हात लावत नाहीत. म्हणतात, "तुम्हीच करा, मी बघतोय." आहेराची परतफेड सुरू झालीय!

तर मुलांनो, एक काम सांगते. तुमच्या घरी आजी-आजोबा किंवा आई कधीतरी मोबाइल पुढे करून विचारतात, "हे कसं करायचं रे?" तेव्हा तो हातातून ओढून घेऊन पटकन करून देऊ नका. एक वही द्या, शेजारी बसा आणि त्यांचं बोट त्यांनाच फिरवू द्या. पाचदा विचारलं तर पाचदा सांगा. तुम्हांला बाराखडी शिकवताना त्यांनी किती वेळा सांगितलं होतं, ते त्यांनी कधी मोजलंय का?