सहावा रकाना

१२ मेच्या, परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात यंदाही पाहुण्यांनी सांगितलं की नर्सेसनी संशोधनात पुढे यायला हवं, पण त्यांना त्यात रसच नसतो. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मेडिसिन वॉर्डात एका रेसिडेंटने थिसिससाठी विषय घेतला होता : सलाईनसाठी शिरेत लावलेल्या इंट्राकॅथमुळे शिरेला येणारी सूज, म्हणजे फ्लेबायटिस. पोटॅशियम, अमिओडॅरोन, व्हँकोमायसिन चालू असलं की शीर लवकर खराब होते, हे कुठल्याही जुन्या सिस्टरला विचारा. दर पाळीला इंट्राकॅथची जागा बघून शून्य ते पाच असा स्कोअर द्यायचा होता. रेसिडेंट बिचारा आधीच सलग ड्यूट्या करणारा, तो दर पाळीला कुठून येणार? तक्ते आमच्याकडे आले.

नाइटला दोन वाजता टॉर्च घेऊन एकेकाचा हात बघायचा. चिकटपट्टीच्या वर कातडी लाल झालीय का, गरम लागतेय का, ते पाहून बोट शिरेवरून हळूहळू वर न्यायचं. शीर दोरीसारखी कडक झाली असली की पेशंट झोपेतही हात ओढून घेतो. छापील तक्त्यात पाच रकाने होते : तारीख, जागा, सुईचा नंबर, औषध, स्कोअर. मला मात्र दिसत होतं की कॅज्युअल्टीत घाईघाईने कोपराच्या घडीत लावलेली इंट्राकॅथ आधी जाते, आणि पेशंट त्याच हाताने जेवत असेल तर हमखास जाते. मी पेनाने सहावा रकाना आखला, ‘जेवणाचा हात?’ आणि रेसिडेंटला दाखवला. त्याने थिसिसच्या गाइडना विचारून तो तक्त्यात घेतला.

संमतीपत्र मराठीत होतं, डॉक्टर समजावूनही सांगत. पण ते पुढच्या खाटेकडे गेले की एखादी आजी हळूच विचारायची, “सिस्टर, सही नाही केली तर सलाईन बंद करतील का हो?” सही करा नाहीतर करू नका, उपचार तेच राहतील, हे पुन्हा पुन्हा सांगणंही आमच्याच वाट्याला.

पुढे पेपर छापून आला. त्यातला मुख्य निष्कर्ष सहाव्या रकान्यातून निघालेला. लेखकांत गाइड, रेसिडेंट आणि विभागातले आणखी दोघे. त्यातल्या एकांना त्या कामासाठी वॉर्डात आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी एक ओळ, वॉर्डातील नर्सिंग स्टाफचे आभार. मी गाइडना भेटून विचारलं. ते म्हणाले, “सिस्टर, डेटा गोळा केला म्हणून कुणी लेखक होत नाही. तुम्ही लिहिलंत कुठे?”

मी घरी येऊन नियम शोधले. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई. लेखक म्हणवून घ्यायला तिच्या चार अटी आहेत : कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा तपासणं, छापण्याआधी अंतिम मान्यता आणि मजकुराची जबाबदारी. नुसता डेटा पुरत नाही, हे सरांचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्याच नियमांत असंही आहे की पहिली अट पूर्ण करणाऱ्याला उरलेल्या अटी पूर्ण करायची संधी द्यायला हवी. मला मसुदा कुणी दाखवलाच नाही, मग मी लिहिणार कुठे? मेट्रनबाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, “नाव कशाला हवंय? पगार मिळतो ना?” सरांपेक्षा हे जास्त लागलं, कारण त्यांनीही आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या.

अशा नोंदींवर केवढं संशोधन उभं राहतं ते बघा. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना शिकवलं, त्यांनी घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांच्या नोंदी ठेवल्या, उपचार केले. त्यावरचा निबंध १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला आणि जगाने त्याची दखल घेतली. आमच्या मुलींना तर बी.एस्सी. नर्सिंगला संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषयच असतो. तो शिकवायचा आणि वॉर्डात वापरू द्यायचा नाही, हा कुठला न्याय?

त्यानंतर मी ठरवलं होतं की पुन्हा कुणाचा तक्ता भरायचा नाही. ते टिकलं नाही. पेपर आल्यावर कोपराच्या घडीत शक्यतो इंट्राकॅथ लावू नका, असं कॅज्युअल्टीला सांगण्यात आलं आणि वॉर्डात सुजलेले हात कमी दिसायला लागले. राग आहेच, पण ते बघून समाधान वाटलं हेही खोटं नाही. आता नव्या मुली विचारतात तेव्हा मी सांगते, भाग घ्या. मात्र तक्ता हातात घेण्याआधी प्रोटोकॉल मागा, एथिक्स कमिटीचं पत्र बघा आणि आपला वाटा काय ते लेखी घ्या.

आणि गाइड मंडळींना माझी विनंती आहे. प्रोटोकॉल एथिक्स कमिटीकडे पाठवण्याआधी वॉर्डच्या सिस्टरला एकदा वाचायला द्या. ती काम करणार असेल तर सहसंशोधक म्हणून तिचं नाव तिथेच घाला आणि त्या कामासाठी तिला ड्यूटीतले तास मोकळे करून द्या.