सूर्यास्ताची वेळ

अकरावीच्या वर्गाला मी वाणिज्य संघटन हा विषय शिकवते. निरनिराळ्या धर्मांची, भाषांची, कमीअधिक शारीरिक क्षमतेची माणसे एका छताखाली काम करतात, तेव्हा मालकाला नेमके काय करावे लागते, हे फळ्यावर लिहून कळत नाही. मुले व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून यंदा मी चिठ्ठ्या केल्या.

वर्गात करावयाच्या अशा प्रयोगांपैकी फार गाजलेला प्रयोग १९६८ सालचा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेतील आयोवा राज्यात, रायसव्हिल गावी, जेन इलियट या शिक्षिकेने तिसरीच्या मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट पाडले. आधी एका गटाची मुले श्रेष्ठ ठरवली, नंतर उलट केले. पुढे हाच प्रयोग त्यांनी नोकरी करणाऱ्या प्रौढांवरही केला. त्यांच्या धैर्याविषयी मला आदर आहे. पण लहानग्यांचा अपमान करून शिकवलेली समता मला हिंसेच्या फार जवळची वाटते.

माझ्या चिठ्ठ्या साध्या होत्या. प्रत्येक गटाला हळदीची एक अडत पेढी दिली. एकजण मालक, बाकीचे नोकर. नोकराच्या चिठ्ठीवर त्याची एखादी अडचण लिहिलेली. मालकाने पुठ्ठ्यावर दिवसभराच्या कामाचे वेळापत्रक आखायचे. कमी ऐकू येणाऱ्या दिवाणजींना कामे लिहून द्यावीत, हे मुलांनी चटकन ठरवले. घरोघरी आजोबा असतात, त्यामुळे असेल. तान्हे मूल घरी ठेवून येणाऱ्या, बिले करणाऱ्या बाईंसाठीही तोड निघाली.

अडले ते रोजा धरणाऱ्या हमालापाशी. रोजा सोडण्यासाठी त्याने सूर्यास्ताला १५ मिनिटे मागितली. मालक झालेला मुलगा आपल्याच समाजातल्या पेढीवाल्यांच्या घरचा, हुशार आणि मनाने चांगला. तो म्हणाला, “त्याच वेळी गाडी भरायची असते. एकाला सोडले की सगळेच मागतील.”

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या बदलल्या. आता पुण्यातील संगणक कंपनीचे कार्यालय, आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळणारी एक कर्मचारी. साहेब पुन्हा तोच मुलगा. त्याने तत्काळ अर्धा तास दिला. “नियमाचा प्रश्न आहे, द्यायलाच हवा,” असेही म्हणाला. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, कालचा हमाल आणि या ताई, दोघेही सूर्याकडेच बघत आहेत ना?”

वर्ग शांत झाला. तो मुलगा कालच्या पुठ्ठ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मीही काही बोलले नाही. बोलण्याचा अधिकार मला कुठे होता?

आमचाही व्यापार हळदीचाच. आमच्या पेढीवर एक चाचा २२ वर्षे पोती उचलतात. इंग्रजी वर्षाच्या हिशेबाने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. अलीकडच्या वर्षांत तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन आमच्या हंगामात येतो. वर आमची पाने सूर्य मावळण्याआधी वाढली जातात, आणि खाली ते दोन पोत्यांच्या मधल्या वेळात खिशातला खजूर तोंडात टाकून पुन्हा पाठ वाकवतात. मी हे सज्जातून पाहिलेले आहे. त्याच सज्जातून, “चाचा, गाडी झाली का भरून?” असे विचारलेलेही आहे.

त्या संध्याकाळी यजमानांना वर्गातली सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती कौतुकाने ऐकली. मग मी म्हटले, “आपल्या चाचांना या महिन्यात तेवढा पाव तास ठरवून देऊ या का?”

“अगं, त्याच वेळी गाडी भरायची असते,” ते म्हणाले, आणि उन्हे कलली म्हणून पानावर बसले.