दोष दूरचा की जवळचा?

आपल्या अडचणीचे मूळ परक्याच्या दारी सापडावे, अशी मनुष्यमात्राची इच्छा असते. आम्ही नांदेडहून लातुरास गेलो, तेव्हा भाच्याच्या प्रवेशअर्जाची मुदत सायंकाळी संपत होती आणि संगणकावरील इंटरनेट क्षणोक्षणी तुटत होते. सर्वांचा रोष कंपनीवर! वस्तुतः केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. हजार मेगाबिटांच्या वेगास चारही जोड्या लागतात, शंभरांस दोनच पुरतात. कपाटाच्या पायाखाली चेपलेल्या केबलने वेग शंभरावर आणला होता व जोडणीही डळमळीत केली होती. शेजाऱ्यांची केबल लावताच अर्ज गेला. दूरच्याकडे दाद अवश्य मागावी. परंतु तत्पूर्वी हाताजवळची तार तपासावी. तीस कोणाची परवानगी लागत नाही.